गड्डम सर आणि साखरेतली उभी जागा

गड्डम सर हजेरी घ्यायच्या आधीच चिडलेले असायचे. त्यांनी कारण विचारलं आणि कुणी "स्थिर असतं म्हणून, सर," म्हणालं की संपलंच. "स्थिर का असतं, ते इचारतोय मी! पंखा बंद का पडला, तर बंद हाय म्हणून, असं सांगतो का घरी?" आमच्या सोलापूरच्या कॉलेजात ते तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायचे. दर जूनमध्ये विभागप्रमुखांची मर्जी असली तर तास मिळणार, नाहीतर घरी बसा. इतक्या चांगल्या माणसाने दरवर्षी दारात उभं राहायचं! मला अजून चीड येते.

शर्करा शिकवायला त्यांनी खराट्याच्या काड्या आणि मळलेली कणीक आणली, ग्लुकोजची रिंग बनवली. "खुर्चीसारखी वाकलीय बघा. आडव्या जागा ऐसपैस, उभ्या जागी दाटी. मोठा गट कुटं बसंल?"

"आडवा!" आम्ही ओरडलो.

"शाबास. पन पहिल्या कार्बनवर मिथॉक्सी गट लावला की तो उभा बसायला बघतो. का? शेजारी रिंगमधला ऑक्सिजन हाय की! त्याच्याकडं इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी. गट उभा असला की ती जोडी त्याच्या बंधाच्या नेमकी रेषेत येते, थोडी तिकडं सरकते, आधार देते. आडव्याला ती रेष जुळत न्हाय. ह्यो ॲनोमेरिक परिणाम."

चाचणीत नेमका हाच प्रश्न आला. आम्ही 'उभा' लिहिलं. विभागप्रमुखांनी गाईड समोर ठेवून पेपर तपासले, त्यात 'आडवा' छापलं होतं, म्हणून सगळ्यांना शून्य दिलं! सर तडक त्यांच्या केबिनमध्ये घुसले. मागोमाग आम्ही दारात.

"गड्डम, पोरांसमोर आवाज चढवता? माफी मागा, विषय संपवू."

"आवाजाची मागतो की. उत्तराची न्हाय मागनार. मोठं पुस्तक काढा, हितंच बघू."

पुस्तक काढावंच लागलं. पान वाचताना साहेबांचं तोंड लालबुंद झालं. आमचे गुण त्यांनी मुकाट्याने वाढवले.

जूनमध्ये वेळापत्रक लागलं. सरांचं नाव कुठेच नव्हतं. मी तावातावाने केबिनमध्ये गेले. साहेब निवांत चहा पीत होते.

"अगं, तुम्हाला गुण दिले ना? मग आता तुमचं काय गेलं?"

"आमचे सर गेले की!" मी ओरडले.