संदर्भसूचीतली सासू

पन्नाशी उलटल्यावर मी घरी बसून बी.ए. केलं. पुस्तकं पोस्टानं यायची, मीच वाचायची अन् मीच मला शिकवायची. तीन वर्षांचे सगळे पेपर निघाले, उरला एक प्रकल्प. तो जमा झाला तर पदवी, नाही तर अख्खं वर्ष पाण्यात.

विषय घेतला सीतादही. कापसाच्या पहिल्या वेचणीला आमच्या बायका तासात, म्हणजे दोन ओळींमधल्या सरीत, दहीभात ठेवतात, हात जोडतात, मगच बोंडाला हात लावतात, ती रीत. सासूला विचारलं, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं, अन् चाळीस पानं हातानं लिहिली. शेवटी संदर्भसूची पाहिजे, असं पुस्तकात होतं. ज्यांच्याकडून कळलं त्यांची नावं द्यायची, असं मी समजले. पहिला नंबर सासूचा टाकला.

शेवटच्या तारखेला आर्णीच्या अभ्यासकेंद्रात प्रकल्प जमा करायला गेले. टेबलामागचे सर माझ्या धाकट्या पोरीच्या वयाचे. त्यांनी फाइल मागूनच उघडली.

"आजी, हे काय? संदर्भात सासू?"

"तिनंच सांगतलं ना, सर."

"सासू म्हणजे काय ग्रंथ आहे?"

रांग फिदीफिदी हसली. मागची एक पोरगी म्हणे, "सर, मी बी सासू लिहू काय? भेटाची राह्यली अजून, पण लिहून ठेवतो."

"दहा पुस्तकांची यादी लावून पाच वाजेपर्यंत आणा," सर म्हणाले. "नाही तर पुढच्या वर्षी या. तसंही तुम्हाला आता कुठे नोकरीला लागायचंय?"

"सर, तुमी कधी कापूस वेचला काय?"

"मी प्रकल्प तपासतो. पुढचे कोण?"

संतापानं माझे कान तापले. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले, तर तो उलट मलाच म्हणतो, "काकू, हातानं कायले लिहित बसल्या? अख्खा प्रकल्पच भेटते इथं. सारे इथूनच नेऊन राह्यले."

"मले फक्त यादी पाह्यजे."

त्यानं कुणाच्या तरी प्रकल्पातली यादी काढून दिली. दहा पुस्तकं. एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. त्यात एक उसावरचं होतं, एक मासेमारीवरचं. सासूचं पान काढलं, पिशवीत घातलं, त्या जागी ही यादी लावली.

सरांनी पेनाच्या टोकानं दहा मोजले अन् सही ठोकली. चाळीसातलं एक पानसुद्धा उलटलं नाही.

"बघा, झालं की नाही?"

घरी सासू दारातच बसली होती. "माह्यं नाव पाह्यलं काय वं त्या मास्तरनं?"

"पाह्यलं ना."

"काय म्हणे?"

"पह्यल्या नंबरले आहे म्हणे."

म्हातारी खूश झाली, शेजारी सांगायला गेली. पदवी आली तेव्हा सगळे म्हणाले, फ्रेम कर. नाही केली. ती पेटीत तळाशी आहे. सासूचं पान मात्र वर ठेवलंय, अन् त्या सराला मी अजून माफ केलेलं नाही.