बास म्हटलं तिथे

आमची आत्या बस चालवायची. निवृत्त झाल्यावर ती तलावावर बास मासे धरायला लागली, तेव्हा बाबा म्हणाले, "एवढ्या नोकरीनंतर प्रगती किती, तर एका कान्याची." आत्याने ते कानाआड केलं. तिने एक छोटी बोट घेतली, तिला डेपोतल्या गाड्यांचा निळा रंग दिला आणि पुढच्या फळीवर आपल्या जुन्या मार्गाची पाटी ठोकली. तलावावरचे लोक विचारायचे, ही कुठे कुठे थांबते?

डेपोत तिला 'हॉर्न' म्हणत. गाडीचा हॉर्न ती वाजवायचीच नाही, खिडकीतून डोकं काढून ओरडायची. रस्ता आपोआप मोकळा व्हायचा. इतकी वर्षं गाडी चालवली, कुणाला साधं खरचटलं नाही. आणि अशी बाई एका सकाळी स्वतःच्या बाथरूमपुढच्या पायपुसण्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर काढलं तेव्हा आतून दुसऱ्याच कुणाचा तरी हात बाहेर आला असं वाटलं. पांढरा, बारीक, लाजरा. पेला धरायचा, कुलूप उघडायचा; पण मनगट वर उचल म्हटलं की विचार करत बसायचा.

गळ टाकताना सगळा खेळ त्या मनगटाचा. आत्या एका हाताने काठी फेकायची. आखूड मुठीची काठी, एक झटका, आणि दोरीच्या टोकाचा खोटा मासा हव्या त्या लव्हाळ्यापाशी अलगद पडायचा. दोन हातांनी फेकणाऱ्यांना ती 'धुणंवाले' म्हणायची. तोंडावर.

"ताई, पुरे झालं आता," बाबा म्हणाले. बाबा तिचे धाकटे भाऊ, काळजी करणं हा त्यांचा जोडधंदा. "पाण्यात एकटी, हातात जोर नाही. मी ट्रेलर घेऊन येतो, बोट शेजारच्या सुताराला देऊन टाकू. तो तरी वापरेल."

"महिनाभर दम धर, धाकट्या. नवी काठी करून घेते. तुझ्यादेखत फेकते आणि मासा लागला तर माझ्या हातानं आत घेते. नाही जमलं तर बोट ने. मी हूं की चूं करणार नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हूं की चूं न करणारी आत्या आमच्यापैकी कुणीच पाहिलेली नव्हती. त्या दिवसापासून तिने बोटीवरची ताडपत्री रोज झटकायला सुरुवात केली. एखाद्या आजाऱ्याची चादर बदलावी तशी.

काठ्या बनवणारा माणूस मुळात कवळ्या बनवायचा. त्याला सगळे कवळीवालेच म्हणत. पेठेच्या मागच्या गल्लीत त्याची लांबट खोली होती. एका भिंतीला फळ्याच फळ्या, त्यांवर प्लास्टरचे जबडे. इतकी उघडी तोंडं आणि एकालाही काही सांगायचं नाही. त्यांच्या वर, खुंट्यांवर आडव्या ठेवलेल्या गळाच्या काठ्या. समोरच्या भिंतीवर फक्त एक फोटो, तोंड वासलेल्या जाड्या माशाचा. जबड्यांकडून माशाकडे नजर गेली की फारसं काही बदलल्यासारखं वाटायचं नाही.

"कवळी काय, काठी काय," कवळीवाले म्हणाले, "दुसऱ्याच्या मापाची चालत नाही. हात दाखवा, बाई."

आत्याने हात पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि उगाच चांगलं बोलले नाहीत. तिथेच आत्याला ते आवडले.

आधी निवडायची होती कोरी नळी, म्हणजे काठीचा मूळ पोकळ दांडा. आत्याने सगळ्यात ताठ नळी उचलली.

"ती नको."

"मला लुळी काठी चालत नाही."

"शेंडा खुर्चीच्या पाठीवर टेका आणि दाबा."

तिने दाबलं. नळी जागची हलली नाही, आत्याचा चेहरा मात्र हलला. मग त्यांनी काचतंतूची, म्हणजे फायबरग्लासची, नळी दिली. ती छान कमानीसारखी वाकली आणि सरळ व्हायला तिने भरपूर वेळ घेतला.

"ही आमच्या धाकट्यासारखी आहे," आत्या म्हणाली. "होकार द्यायला संध्याकाळ करते."

शेवटी ठरली ती कार्बनची, मधल्या ताकदीची. शेंड्याकडे चटकन वळणारी, बुडाकडे ठाम. मग कड्या, ज्यांतून दोरी धावते. आत्याला मोठ्या चकचकीत कड्या हव्या होत्या. कवळीवाल्यांनी तिच्या बोटांत एक पेन्सिल दिली आणि पेन्सिलीच्या टोकाला तसली एक कडी अडकवली. पेन्सिल खाली झुकली. त्यांनी कडी काढून लहान, पातळ कडी लावली. पेन्सिल तशीच राहिली.

"शेंड्याला वजन चढवलं की ते मनगट वाहतं," ते म्हणाले.

"मनगटाला विचारून घेत जा मग सगळं. मी बाहेर बसते."

"बसा की. ते जास्त शहाणं दिसतंय."

रीळ बसवायची बैठक त्यांनी अशी काढली की हाताचं बोट थेट नळीवर टेकेल आणि मासा नुसता हुंगून गेला तरी कळेल. मुठीसाठी फोम की बूच, यावर वाद झालाच नाही. आत्याने बुचाची चकती नाकाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाली, "हेच." बुचातली बारीक भोकं कवळीवाले बुचाच्याच भुशाने आणि गोंदाने बुजवत, दात भरल्यासारखी. कड्या बांधायला दोरा डेपोचा निळा.

राहिली मुठीची लांबी. आत्याचं म्हणणं ठरलेलं होतं: बैठकीच्या मागे वीतभर, बस्स, जुन्या काठीसारखी. कवळीवाले म्हणाले, "वीत कुणाची? हातावरच ठरवू." त्यांनी नळी तिच्या हातात दिली, मागची बाजू हाताच्या खालून कोपराकडे नेली आणि अंगठ्याने खूण सरकवत न्यायला लागले. "कुठे थांबू ते सांगा."

त्यांचा अंगठा वीत ओलांडून पुढे चालला होता. आत्याचं लक्ष समोरच्या फोटोकडे गेलं.

"हा बास?" तिने विचारलं.

"हां," असं म्हणून कवळीवाल्यांनी पेन्सिलीने रेघ मारली.

"चांगला धष्टपुष्ट आहे."

"तुमची मर्जी," कवळीवाले म्हणाले. ते मला जरा विचित्र वाटलं होतं. पण त्या खोलीत काय विचित्र नव्हतं.

काठी तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा बाबांनी ट्रेलरच्या चाकांत हवा भरून ठेवली होती. आम्ही गेलो. काठी टेबलावर आडवी होती. काळी, सडपातळ, निळ्या दोऱ्यांच्या गाठींवर काचेसारखा लेप. आणि मागे मूठ. मूठ कसली, संपायचं नावच घेत नव्हती.

"ही काठी आहे की कुबडी?" आत्याचा हॉर्न वाजला. एक प्लास्टरचा जबडा फळीवर थरथरला.

"तुम्ही सांगितलं तिथेच कापली."

"मी कधी सांगितलं?"

"मी विचारलं कुठे थांबू, तुम्ही म्हणालात, हां, बास."

"अहो, मी माशाला म्हणाले! तो बास आहे का म्हणून विचारलं!"

"आणि धष्टपुष्ट?"

"तोही मासाच!"

कवळीवाल्यांनी फोटोकडे पाहिलं. "मला वाटलं, मुठीचा दांडा."

मला हसू आवरेना. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मी खिशात रुमाल शोधायला लागलो. पण तिचा चेहरा उतरला होता. दोन दिवसांवर मुदतीचा रविवार, आणि हातात धुणंवाल्यांची काठी.

"कापून देतो," कवळीवाले पडेल आवाजात म्हणाले. "लांब झालंय म्हणून जमेल. धरा तुम्ही, मी करवत आणतो."

आत्याने काठी उचलली. शेंडा खिडकीबाहेर गल्लीत गेला. कवळीवाले करवत घेऊन वाकले. मूठ मागे हाताच्या खालच्या अंगाला टेकली होती, कोपराच्या जरा अलीकडे. त्यांना जागा व्हावी म्हणून आत्याने हात उचलला, आणि हाताबरोबर काठी उठली. सबंध उठली, शेंड्यासकट. मनगटाला कुणी काही विचारलंच नव्हतं. भार कोपरावरून परस्पर खांद्याकडे निघून गेला होता.

आत्याने हात खाली केला. पुन्हा वर केला. करवतीचे दात बुचाला लागले.

"बास!" आत्या ओरडली.

कवळीवाले वाकलेलेच राहिले. "कुठला?"

"पुरेवाला! पुरेवाला बास! बाजूला ठेवा ती करवत."

त्या बुचावर करवतीचा एक बारीक ओरखडा राहिला. भुसा घालून बुजवतो म्हणाले, आत्याने बुजवू दिला नाही.

रविवारी बाबा ट्रेलर घेऊन तलावाच्या काठावर हजर. आत्या आणि मी निळ्या बोटीत, काठापासून हाकेच्या अंतरावर. पाणी करडं, सपाट, कुणाच्याच बाजूचं नसलेलं. आत्याने मूठ मागून डाव्या हाताने धरली, म्हणजे चक्क दोन हात. "बोलशील तर पाण्यात ढकलीन," ती मला म्हणाली, आणि फेकलं. खोटा मासा थेट लव्हाळ्यात जाऊन अडकला.

"ताई, राहू दे!" काठावरून बाबा.

मी वल्हवत जाऊन तो सोडवला. पुढची फेक आखूड पडली. त्याच्या पुढची लव्हाळ्याच्या कडेला, जुन्या दिवसांसारखी, आवाज न करता. आत्याने रीळ फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. नळीवर टेकलेलं तिचं बोट अचानक ताठ झालं. मूठ कोपराखाली गेली, आत्या मागे झुकली, आणि शेंडा पाण्याकडे वाकला. बोट एका अंगाला कलली. मला मनगट दिसत होतं. ते सरळ होतं, नुसतं बसून होतं, गाडीत जागा मिळालेल्या म्हाताऱ्यासारखं.

"ताई, सोड! बास कर आता!"

"बासच करतेय, धाकट्या!" आत्या ओरडली. तो आवाज पलीकडच्या काठापर्यंत जाऊन परत आला.

मासा तिने स्वतः बोटीपाशी आणला आणि डाव्या हाताने ओठ धरून उचलला. फोटोतल्याच्या निम्मा असेल. काठावर दिसावा म्हणून तिने तो जरा जास्तच वेळ वर धरला, मग पाण्यात सोडून दिला.

आम्ही काठाला लागलो तर बाबा गाडीत जाऊन बसले होते. रिकाम्या ट्रेलरसकट त्यांना गाडी मागे घ्यायची होती, आणि तेवढं एक त्यांना आयुष्यात कधी जमलेलं नव्हतं. मागे एक बारकं झाड होतं. आत्या काठी खांद्यावर टाकून ट्रेलरमागे जाऊन उभी राहिली.

"येऊ दे. येऊ दे. डावीकडे, अरे तुझी डावी! येऊ दे... बास!"

बाबांनी ब्रेक लावला नाही. त्यांनी मान वळवून तलावाकडे पाहिलं.

"कुठेय?" ते म्हणाले, आणि ट्रेलर झाडावर टेकला.