घरट्यापुढचा पाला

आमच्या मागच्या अंगणात कडुलिंब होता. त्यावर शिक्र्याच्या जोडीनं घरटं केलं. शिक्रा म्हणजे कबुतराएवढा शिकारी पक्षी. छातीवर बारीक तांबूस पट्टे. सरडा, खार, साळुंकीचं पिल्लू, जे सापडेल ते पायाखाली धरून फाडून खातो. शेजारपाजारच्यांना तो आवडत नसे. मला आवडायचा, कारण तो नेमकं काम करतो.

आमचं घर शहराच्या कडेला, हर्सूलच्या बाजूला आहे. मुलाला मागं दोन खोल्या काढायच्या होत्या. नाती मोठ्या झाल्या होत्या आणि घर तेवढंच होतं, तेव्हा त्याचं काही चुकत नव्हतं. लिंब तोडायची परवानगी मिळावी म्हणून त्यानं महापालिकेत अर्ज केला. मी म्हणाले, वर पिल्लं आहेत, ती उडून जाऊ दे, मग खुशाल तोड. तो झाडाखाली उभा राहून मान मोडेपर्यंत वर बघत राहिला.

"आई, मला तर नुसता पाला दिसतोय."

पाहणीला आलेल्या माणसालाही पालाच दिसला. माणूस बरा होता. पिल्लं खरंच असतील तर दोन महिने काम थांबवता येईल, पण वर साहेबांना दाखवायला फोटो लागेल, असं त्यानं सांगितलं. सोमवारी परत येतो म्हणाला. तो गुरुवार होता.

फोटो काढणं मला नवीन नव्हतं. मुलाचा कॅमेरा कपाटात पडून होता. तो मी वर्षभरापूर्वी काढला. बटन कुठलं दाबायचं ते सुनेनं दाखवलं. बाकीचं मी गुलमंडीच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडून शिकले. तो पूर्वी लग्नाचे फोटो काढायचा, आता पासपोर्टचे काढतो. मी पहिल्यांदा शिक्र्याचे फोटो घेऊन गेले तेव्हा त्यानं एकेक नीट बघितला.

"अम्मा, पत्ते अच्छे आए. परिंदा किधर है?"

चूक कुठं होते ते मात्र त्यानं समजावून सांगितलं. कॅमेऱ्याला आपल्या मनातलं कळत नाही, जे जवळ असेल ते तो धरतो. म्हणून कॅमेऱ्यातून बघताना जे ठिपके दिसतात, त्यातला मधला एकच चालू ठेवायचा आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर आणायचा. पक्ष्याच्या मागं काड्या आणि पानं असतील तर त्याच्या छातीवरचे पट्टे त्यात मिसळून जातात. तेव्हा आपण जागा बदलायची, त्याच्या मागं आभाळ किंवा लांबची भिंत येईल असं उभं राहायचं. ते जमत नसेल तर तो दुसरीकडं बसेपर्यंत थांबायचं. लग्नातसुद्धा हेच असतं, असं म्हणून तो हसला. "मंडप नहीं हिलता अम्मा, फोटूवाला हिलता."

खांबावर किंवा कठड्यावर बसलेल्या शिक्र्याचे फोटो मला त्यानंतर बरे येऊ लागले. पण घरटं काही उठून दुसरीकडं बसत नाही. गच्चीवरून ते जवळजवळ डोळ्याच्या उंचीवर होतं. पुढं पाला, मागं पाला, आणि त्यातून पडणारे उन्हाचे कवडसे. मादी घरट्यावर बसली की तिच्या अंगाचे पट्टे आणि ते कवडसे एक व्हायचे. मी गच्चीचे चारही कोपरे बघितले, स्टूलवर चढले, आडवी झाले. शुक्रवार गेला, शनिवार गेला. फोटोत पानंच.

रविवारी दुपारी मी जिन्याखालची आकडी काढली.

आकडी म्हणजे लांब बांबूला बांधलेला विळा. माझं माहेर फुलंब्रीच्या पलीकडं. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी शेळ्यांमागं लागले. झाडावर न चढता आकडीनं पाला पाडणं हे माझ्या हातचं काम. शाळेतलं पुष्कळ विसरले, हे विसरले नाही. या घरात आल्यावर मी आकडीनं शेवग्याच्या शेंगा काढत होते.

घरट्यापुढच्या डहाळ्या मी काढल्या, मागच्याही काढल्या. घरट्याची एक काडी हलू दिली नाही. मादी दोनदा माझ्या डोक्यावर आली, नख्या लागल्या. मी पदर घट्ट बांधला आणि काम पुरं केलं. मग कॅमेरा घेतला. दोन पांढरी, लोकरीसारखी पिल्लं, त्यांच्यावर वाकलेली मादी, मागं मोकळं आभाळ. मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो तो.

सोमवारी महापालिकेचा माणूस आला. फोटो बघून म्हणाला, "आजी, हे तर पुस्तकातलं वाटतंय." काम थांबवल्याचं त्यानं तिथंच लिहिलं. मुलानं मिस्त्रीला फोन करून पावसाळ्यानंतर या म्हणून सांगितलं.

मंगळवारी दुपारी मला कळलं मी काय केलं ते. मोकळी केलेली बाजू पश्चिमेची होती. मे महिन्याचं ऊन सरळ घरट्यात पडत होतं. मादी पंख पसरून, चोच उघडी टाकून पिल्लांवर उभी होती आणि संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. बुधवारी मी बांबूला गोणपाट बांधून सावली करायला गेले, तर ती घाबरून उडाली. तेवढ्यात दोन कावळे आले. मी गोणपाट खाली घेतलं. पाला डकवून परत लागत नाही.

गुरुवारी एका पिल्लाची मान घरट्याच्या काठावर पडली ती उठली नाही. शुक्रवारी सकाळी दुसरं कावळ्यानं उचललं. मी गच्चीवरच होते, कॅमेरा हातात होता. चप्पल फेकली, ती शेजारच्या पत्र्यावर पडली. बोट बटनावर होतं, एक फोटो निघाला. तो स्वच्छ आला आहे.

जोडी दिवसभर ओरडत राहिली. शनिवारी दोघंही नव्हती.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, चहा घेत बसला. मी त्याला सांगितलं, पिल्लं गेली, आता झाड तोडायला हरकत नाही.

तो म्हणाला, "तू नाय सांगितलं तर कुणाला कळतंय? राहू दे दोन महिने. तुला करमतं तिथं."

हे तो मनापासून बोलला. त्याच्या पोरी दाटीवाटीनं झोपत होत्या तरी बोलला.

"मी पाला काढला म्हणून मेली ती," मी म्हणाले.

"कावळ्यानं नेलं ना?"

"कावळ्याला घरटं मी दाखवलं. उन्हाला पण."

त्यानं कप खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, "मिस्त्रीला कधी बोलवू?"

"आधी त्या महापालिकेच्या माणसाला बोलव. त्याला मी सांगते."

त्याला मी सगळं सांगितलं, आकडीसकट. तो मान खाली घालून लिहीत होता. शेवटी त्यानं झाड तोडायची परवानगी दिली. लिंब तोडायला दोन दिवस लागले. पाला गल्लीतल्या शेळीवाल्या बाईनं नेला. घरटं खाली आलं तेव्हा मी हातात घेऊन बघितलं. काड्या विरळ होत्या. त्यात पहिलं पिल्लू वाळून चिकटलं होतं. काड्यांपासून वेगळं होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली, तिच्यात मी ते तसंच टाकलं.