खिडकीकडे तोंड करून

जिभाऊंना ऐकू येत नव्हतं, आणि आमची प्रत्येक सभा तेच चालवत. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या लूमच्या खटखटाटात त्यांचं उभं आयुष्य गेलं. खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, कुणाचा आवाज कुणापर्यंतच पोहोचत नाही. कारागीर एकमेकांचे ओठ बघून बोलतात. जिभाऊंवर घरीही तीच वेळ आली.

कोसाडच्या वसाहतीत, त्यांच्या खोलीवर आम्ही जमायचो. ते खिडकीला पाठ लावून बसत. बोलणाऱ्याने समोरच्या पत्र्याच्या पेटीवर, खिडकीकडे तोंड करून बसायचं, म्हणजे ओठांवर उजेड पडे. दोघं एकदम बोलले किंवा कुणी ओरडून तोंड वेडंवाकडं केलं, की जिभाऊ डोळे मिटून घेत. आवाजावर सभा जिंकू पाहणाऱ्या माझ्यासारख्याची तिथे पंचाईत होई.

बोलणं संपलं की ते तेच आपल्या शब्दांत परत सांगत आणि विचारत, "आसंच ना, भो?" माणूस हो म्हणेपर्यंत पुढचा पेटीवर बसायचा नाही. स्वतःचं मत ते सगळ्यांनंतर सांगत. एकदा मी चिडून म्हणालो, "तुम्ही आधी सांगत जा ना. लोक तुमचं ऐकतात."

"म्हणून तर," जिभाऊ म्हणाले.

मी वडिलांनी जपलेली संपाची पत्रकं वाचत वाढलो. पुढे स्वतःच लिहू लागलो. माझं पत्रक ते बोट फिरवत, सावकाश वाचत. "जोरदार आहे," एकदा म्हणाले, "पण यात एकपण प्रश्न नाही रे. तुला सगळं आधीच ठाऊक?"

मागच्या वर्षी आमच्यातल्या दिनेशचा हात लूममध्ये सापडला. दोन बोटं गेली. दवाखान्यातून परत आला तर शेठ म्हणाला, आता तुझं काम नाही. दिनेशचं सगळं घर त्या हातावर चालत होतं. रविवारी सभा भरली. पेटीवर पहिला मी. अन्यायाबद्दल जे जे म्हणता येईल ते म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिभाऊंनी माझं म्हणणं परत सांगितलं, "उद्यापासून लूम बंद. दिनेशला परत घेईपर्यंत. आसंच ना?" इतकं साधं ऐकल्यावर मलाच वाटलं, मधलं काहीतरी राहून गेलंय.

सगळे बोलून झाले. जिभाऊंनी दाराकडे बघितलं. तिथे हिंगोलीकडच्या, बॉबिन भरणाऱ्या सुमनताई उभ्या होत्या.

"ताई, तुम्ही राहिल्या."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"पेटीवर बसा. मंग कळंल."

हसू पसरलं. ताई पदर सारखा करत बसल्या. "लूम बंद पडले की मुकादम फोन कुठं लावतो? आपल्याच गावांना. मागल्या बारीला माझाच भाचा आला होता, दुसऱ्याच्या जागेवर. इथं बंद आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

माझी सगळी पत्रकं सुरतेत वाटली गेली होती. ज्यांनी वाचायला हवी होती ते तिकडे गावाला होते.

मग सूचना पुढे आली: आधी प्रत्येकाने आपापल्या गावी फोन करायचा, कुणी येणार नाही असा शब्द घ्यायचा, आणि नंतर बंद. जिभाऊंनी शेवटी आपलं मत दिलं, "बंद करू नये. शेठशी अजून बोलावं." हात वर झाले. जिभाऊ हरले. "ठरलं," म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले.

बंदच्या दिवशी सकाळी फाटकावर सगळ्यांत आधी तेच उभे. कुणीतरी खोचकपणे विचारलं, "जिभाऊ, तुमचं मत तर उलटं होतं ना?"

"ते खोलीवर ठेवून आलो."

मुकादमाने बरेच फोन लावले. गावाकडून कुणीही गाडीत बसलं नाही. आठवडा सरायच्या आत दिनेश कामावर परत आला, कापड तपासायच्या टेबलावर.

दिवाळीनंतर जिभाऊ कायमचे खान्देशात गेले. मुलाने तिथे त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं. फोनवर म्हणाले, "आता समदं ऐकू येतं. लोक किती बोलतात रे."

पुढची सभा दिनेशच्या खोलीवर भरली. सगळ्यांचे कान शाबूत, तरी दिनेशने जिभाऊंची पेटी आणून खिडकीसमोर ठेवली. मी बसलो. विषय तापलेला होता. बोलता बोलता माझा आवाज चढला.

समोर खिडकीला पाठ लावून बसलेल्या सुमनताईंनी शांतपणे डोळे मिटून घेतले.

मी थांबलो.