पडदेवाल्यासाठी जॅझ

माझे वडील चाळीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत पडदा ओढत होते. दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, मोसम लागला की वडशाहून नाटक मंडळीची गाडी निघायची आणि बाबा रोज नव्या गावात रात्रभर दोरी धरून उभे. नाटक पहाटे संपायचं, मग ते मागच्या ताडपत्रीवर अंग टाकायचे. गुडघे गेले, काम सुटलं, पण झोप काही रात्रीच्या पाळीला आली नाही. डॉक्टर म्हणाले, बीपी असाच चढत राहिला तर लकवा मारेल, यांना झोपवा. गोळ्या दिल्या तर दिवसभर भिंती धरून चालू लागले, म्हणून त्या बंद केल्या. मी घाबरले होते, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून वाटेल की मला मजा सुचली होती.

मी शाळेत शिकवते आणि नागपूरच्या होस्टेलपासून मला जॅझचं वेड आहे. घरात त्या भोंग्यासारख्या आवाजाला ‘पोरीचा पोंगा’ म्हणतात. मला वाटलं, औषध तर माझ्याच फोनमध्ये आहे. गाणं नको, कारण शब्द कानावर पडले की बाबा पुढची ओळ म्हणून मोकळे होतात. नुसती वाद्यं हवीत, मंद लयीची. चार दिवस शाळा सुटल्यावर मी हेच करत बसले. किंचाळणारे ट्रंपेट बाद, अंगात आल्यासारखे ड्रम बाद. निवडून निवडून अशी यादी केली की ऐकताना मीच वह्या तपासता तपासता पेंगले.

पहिल्या रात्री स्पीकर खिडकीत ठेवला. ड्रमवर हलके ब्रश फिरू लागले आणि आधी आई उठली.

“एवढ्या राती सूप कोन पाखडून राह्यलं वं? लक्ष्मी जाते ना घरातली!”

तिला समजावतेय तोवर सॅक्सोफोन आला आणि बाबा ताडकन उठून बसले.

“कोन येऊन राह्यलं?”

“कोणी नाही, बाबा. झोपा.”

“मंग हे काऊन वाजून राह्यलं? नुसतं वाजलं का सीन बदलते.”

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या धंद्यात शब्दांवाचून वाद्य वाजलं की अर्थ एकच, प्रवेश संपत आला, दोरीला हात घाल. ज्या संगीतावर या माणसानं जन्मात डोळा मिटला नव्हता, नेमकं तेच मी हुडकून आणलं होतं. रचना संपली. बाबांनी सवयीनं दोरी ओढली. ती मच्छरदाणीची होती. सगळी मच्छरदाणी आईवर आली.

“मासोळी समजले का मले?” आई जाळीतून ओरडली.

शहाण्या बाईनं तिथंच थांबायला हवं होतं. पण मी हट्टी आहे. मी हिशेब केला, पाच मिनिटांची रचना म्हणजे तासाला बारा वेळा मच्छरदाणी, वीस मिनिटांची असेल तर तीनच वेळा. वाजवणाऱ्याच्या फुंकरीवरून मैत्रिणींशी भांडणारी मी, आता कापडासारखं लांबी बघून जॅझ घेऊ लागले. एका लांबलचक पियानोवर बाबा अंधारात म्हणाले, “हिरोईन गाडीतच झोपली वाटते. पेटीवाला येळ काढून राह्यला.” खरं सांगते, त्या रचनेबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

पंधरा दिवसांनी बीपी आणखी चढलेला निघाला. दवाखान्यातून येताना आई एवढंच म्हणाली, “तुह्या पोंग्यानं मानूस जाईल माहा.” मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्या रात्री यादी पुसून टाकायची म्हणून फोन घेतला आणि चुकून भलतंच सुरू झालं. कुठल्याशा छोट्या मैफिलीतलं रेकॉर्डिंग होतं. वाद्यं थांबली आणि थोड्याशा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचा हात दोरीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

“बंद नको करू. पुऱ्या होऊ दे.”

“काय झालं, बाबा?”

“टाळ्या आल्या का आमाले पुढचा सीन लावाले धावा लागे. पुऱ्या कधी आयकल्याच नाई.”

मी परत लावल्या. तिसऱ्या वेळी ते झोपले होते, आणि सकाळी आठपर्यंत झोपले.

तेव्हापासून मी जॅझ कापून टाकलं आणि नुसत्या टाळ्या ठेवल्या. जगातले मोठमोठे वादक आमच्या घरातून हाकलले गेले, त्यांचे श्रोते तेवढे राहिले. बीपी उतरला. डॉक्टरांनी विचारलं, कोणती गोळी सुरू केली? मी सांगितलं, पोंगा.

मागच्या आठवड्यात वादळात सायंकाळीच लाइट गेली. रात्री फोन मेलेला, स्पीकरही मेलेला. बाबा मच्छरदाणीत टक्क जागे. आईनं उभ्या जन्मात त्यांचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. पडदेवाल्याचं काय पाहाचं, म्हणायची. तीच मला अंधारात कोपरानं ढोसून म्हणाली, “वाजव.”

आम्ही दोघी बाजेच्या दोन बाजूंना बसलो आणि टाळ्या वाजवू लागलो. बाबा कुशीवर वळले. थोड्या वेळानं घोरू लागले, तशी मी थांबले. आई वाजवतच होती.