धर्माचा रकाना

दिल्लीच्या त्या विद्यापीठाचं माहितीपुस्तक पोस्टानं आलं, तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागून मी घरी बसले होते. आमच्या नाशिकच्या कॉलेजातल्या गणिताच्या मॅडमनी ते मागवायला लावलं होतं. "इथे राहिलीस तर फार तर माझ्यासारखी होशील," असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांच्यासारखं व्हायला माझी काहीच हरकत नव्हती, पण तसं सांगायचा धीर झाला नाही. दुसऱ्या वर्षाला बदली घेऊन येणाऱ्यांसाठी तिथे बोटांवर मोजण्याएवढ्या जागा असायच्या आणि अर्ज सगळ्या देशातून यायचे. ही ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं. इथून तिथे कुणी गेल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं.

मला जायचं होतं का, ते आजही सांगता येणार नाही. मी जावं असं नानांना मनापासून वाटत होतं. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते एका शाळेत कारकून होते आणि शाळेचं जनरल रजिस्टर त्यांच्या ताब्यात असायचं. नवीन मूल आलं की नाव, जन्मतारीख, जात, धर्म असे रकाने ते सावकाश भरायचे. त्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. चूक झालीच तर लाल शाईनं आडवी रेघ, वर दुरुस्ती आणि शेजारी मुख्याध्यापकांची सही. आमच्या कॉलनीतले आईबाप मुलाला घेऊन आले की धर्माच्या रकान्याशी नाना पेन थांबवायचे आणि त्यांच्याकडून 'बौद्ध' हा शब्द मोठ्यानं वदवून घ्यायचे. एखादा म्हणायचा, "जुनंच ऱ्हाऊ द्या साहेब, काय फरक पडतो?" की नानांचं डोकं फिरलंच. "दीक्षा म्हंजे काय लग्नातलं जेवण वाटलं का? जेवले, हात धुतले, झालं?"

माझ्या पहिलीच्या प्रवेशाला दुसऱ्या एका शाळेतल्या कारकुनानं सवयीनं जुनी जात आणि 'हिंदू' लिहून टाकलं होतं. नानांनी तासभर तिथे उभं राहून लाल रेघ मारून घेतली. ही गोष्ट पाहुणे आले की हमखास सांगितली जायची आणि मला तिचा भयंकर कंटाळा आला होता.

माहितीपुस्तकात राखीव जागांच्या पानावर तळाशी बारीक टायपात एक ओळ होती. अनुसूचित जातीचा उमेदवार धर्मानं हिंदू किंवा शीख असला पाहिजे. तेव्हा केंद्राचा नियमच तसा होता. महाराष्ट्रात बौद्ध लिहूनही आम्हाला सवलत मिळायची, त्यामुळे ही भानगड घरात कधी आलीच नव्हती. नानांनी ती ओळ डिक्शनरी घेऊन वाचली. मग चष्मा पुसून परत वाचली.

"खुल्यातून टाकते," मी म्हणाले.

खुल्यातून माझे मार्क काठावरही नव्हते. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "खुल्यातून अवघड आहे गं. राखीवमधून आरामात बसशील." आईला हा सगळा घोळच समजेना. "लिव्हा की हिंदू," ती म्हणाली. "त्या कागदाला काय कळतंय आपण कोण हाय ते?" नाना अर्ध्या जेवणावरून उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांच्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती.

पुढच्या पंधरवड्यात त्यांनी तीनदा रजा टाकली. एरवी ताप असला तरी शाळेत जाणारा माणूस. विचारलं तर म्हणायचे, काम आहे. सीबीएस स्टँडवरून सिन्नरची एसटी धरायचे, तिथून पुढे आमच्या मूळ गावी. तिसऱ्या खेपेनंतर माझ्या वह्यांवर एक खाकी लिफाफा दिसला. आत माझ्या नावाचा जातीचा दाखला होता. धर्म, हिंदू. पुढे जुनी जात. मागे टाचणीनं स्टॅम्पपेपर लावलेला होता, नानांचं प्रतिज्ञापत्र. मी खाली सही करणार, धर्माने हिंदू, शपथेवर लिहून देतो की. गावच्या शाळेत नानांचं स्वतःचं नाव दाखल झालं ते दीक्षेच्या आधी. त्या रजिस्टराचा उतारा काढून त्यांनी हे सगळं उभं केलं होतं. बदलीच्या अर्जाला माझा शाळा सोडल्याचा दाखला लागत नाही, हेही त्यांनी बघून ठेवलं असणार. कारकुनाचं काम होतं, त्यात फट कुठेच नव्हती. दुसऱ्या कुणी असला कागद पुढे केला असता तर नानांनी त्याला दारातून हाकललं असतं.

संध्याकाळी ते म्हणाले, "तो जोडून टाक."

"हो, नाना."

एवढंच बोलणं झालं. ते माझ्याकडे बघत नव्हते आणि मीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

त्या वेळी मला रडू यायला हवं होतं. निदान राग तरी. काहीच आलं नाही. दात काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं माझं झालं होतं. मी प्राचार्यांकडून ना हरकत दाखला आणला, गुणपत्रिकेच्या नकलांवर सह्या घेतल्या आणि सगळी कामं वेळेत केली. अर्ज भरायला बसले. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलं आणि प्रवर्गाच्या रकान्यात 'खुला'. यात शौर्य-बिर्य काही नव्हतं. मी ठरवलंही नव्हतं. नानांची ती सही जोडून परक्या माणसांच्या टेबलावर पाठवायची, एवढं मला जमेना. खाकी लिफाफा मी लोखंडी पेटीत रजयांच्या तळाशी घातला आणि अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवून दिला.

"दाखला जोडलास?" नानांनी विचारलं.

"जोडला."

सव्वा महिन्यानं उत्तर आलं. चक्रमुद्रित कागद, माझं नाव तेवढं हातानं भरलेलं. निवड होऊ शकली नाही, एवढीच एक ओळ. का, ते लिहिलेलं नव्हतं. नानांनी कागद उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"राखीवमधूनही नाही?" ते म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. खरं तर सांगायची वेळ तीच होती, ती मी घालवली. मला ना वाईट वाटलं, ना सुटल्यासारखं. मी चहा टाकायला आत गेले. पुढच्या आठवड्यात इथल्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाची फी भरली. मॅडमनी नुसती मान हलवली.

नाना दर रविवारी सकाळी कॉलनीतल्या विहारात वंदना घ्यायचे. पुढे बसून ते म्हणायचे आणि मागून सगळे. उत्तर आल्यानंतरच्या रविवारी ते उठले, अंघोळ केली आणि पेपर घेऊन घरीच बसले. पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी कॉलनीतले दोघं जण बोलवायला आले. "नाना, तुमच्याबिगर कोन घेनार वंदना?"

"घ्या कुणीही," नाना म्हणाले. "मला आता अधिकार नाही."

त्यांना वाटलं, नाना थट्टा करताहेत. मी आत कणीक मळत होते. चार पावलांवर पेटी होती. तो कागद घराबाहेर गेलाच नाही, एवढं मी बोलले असते तर कदाचित नाना उठून त्यांच्याबरोबर गेले असते. पण मग जागा कुणामुळे गेली हेही कळलं असतं. ते तीन वेळा गावी जाऊन जे करून आले ते पोरीनं रजयांखाली टाकून दिलं, हे कळलं असतं. मी कणीक मळत राहिले. स्वतःचा राग यायला मला पुढे खूप वर्षं लागली.

दिवाळीनंतर ते पुन्हा विहारात जायला लागले, पण पुढे कधी बसले नाहीत. शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसायचे. एरवी कंटाळा करणारी मी त्यांच्याबरोबर जायला लागले आणि त्यांच्या शेजारी बसायला लागले. पंचशील म्हणताना पहिली तीन शीलं ते सगळ्यांबरोबर नीट म्हणायचे. चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं की त्यांचा आवाज थांबायचा. माझाही थांबायचा. एकदा त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. आपल्यामुळे पोरीलाही हे म्हणता येत नाही, असं त्यांना वाटलं होतं. मी त्यांना तसं वाटू दिलं.