लाकडाचे पैसे

आधीच सांगते, असल्या गोष्टी मी मानत नाही. आमचं घर बौद्ध, वडील शिक्षक. बाहेरचं लागलंय म्हणणाऱ्याला ते आधी दवाखान्यात न्यायचे. तरी हे लिहितेय, कारण ऑफिसात सांगून सांगून माझं डोकं उठलंय...

लातूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत मी लिपिक आहे. किरकोळ खर्चाची पेटी माझ्याकडे. फिनेल, झेरॉक्स, साहेबांच्या पाहुण्यांचा चहा, सगळं त्यातूनच; आणि प्रत्येक रुपयाला लेखापालांची सही लागते. बेवारस प्रेताचा अंत्यविधीसुद्धा त्यातच बसवायचा.

गेल्या उन्हाळ्यात बसस्टँडवर एक म्हातारा वारला. खिशात चिठ्ठीचपाटी काही नाही. पोलिसांनी नियमाप्रमाणे वाट पाहिली, कोणीच आलं नाही, मग प्रेत आमच्या ताब्यात दिलं. सकाळभर लेखापालांच्या मागे फिरून मी लाकडाचे पैसे मंजूर करून घेतले आणि आमचे शिपाई धोंडीराम मामा यांच्या हाती दिले.

जेवणाच्या सुट्टीत टेबलावरचा फोन वाजला. वयस्कर बाईचा आवाज होता, कसलीच घाई नसलेला.

"बाई, शिवलिंगाला जाळू नगा. आमच्यात बसवून पुरतेत."

कोण शिवलिंग, असं मी विचारलं. तिनं आडनाव सांगितलं, देवणीकडचं एक गाव सांगितलं आणि फोन ठेवला.

मी मोबाइलवरून मामांना थांबवलं. लाकडं रचून झाली होती. ते वैतागले, पण थांबले. पोलिसांना गावाचं नाव कळवलं... आणि मग माझं लक्ष पुन्हा टेबलाकडे गेलं. बिलाला मंजुरी मिळत नाही म्हणून तो फोन कधीचाच कापलेला! रिसीव्हर कानाला लावून बघितला — काही नाही. साधी घरघरसुद्धा नाही.

संध्याकाळी त्या गावाहून पुतण्या आला. चेहरा बघून त्यानं लगेच ओळखलं. काकांना भ्रम झालेला, घरातून निघून गेलेले, हे लोक सगळीकडे शोधत होते. लिंगायत घर. विभूती लावून, बसवून, त्यानं त्यांना रीतसर माती दिली.

तुमच्या घरून एका बाईंचा फोन आला होता, असं मी त्याला सांगितलं.

"मॅडम, घरात बाई माणूस न्हाई. काकू जाऊन लई वर्षं झाली."

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण वखारवाला लाकडं परत घेईना, खड्डा खणणाऱ्यांना वेगळे पैसे द्यावे लागले, आणि लेखापालांनी विचारलं, एका प्रेताला लाकडंही अन् खड्डाही कसा? मी लिहून दिलं, नातेवाइकांच्या विनंतीवरून. त्यावर ते म्हणाले, नातेवाईक तर संध्याकाळी आले, मग दुपारी काम कोणाच्या सांगण्यावरून थांबवलं?

खरं ते सांगितलं. त्यांनी एकदा त्या फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि फाइलवर लिहिलं: समाधानकारक खुलासा करावा.

ती फाइल अजून फिरतेय. माझ्याकडे आली की मी तशीच परत पाठवते. खुलासा असता तर दिला नसता का?